दोन घरचा अँटेना

सिंहगड मराठ्यांनी १६७० च्या फेब्रुवारीत घेतला, ही गोष्ट शाळेचे तोंड पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्याच गडावर १९७३ साली दूरदर्शनचा मनोरा उभा राहिला आणि मुंबईचा कार्यक्रम झेलून तो पुढे फेकायचे काम सुरू झाले, ही गोष्ट मात्र कुठल्याही बखरीत नाही. बखरकारांचे सोडा, ते बिचारे आधीच वारले होते. पण नंतरच्या इतिहासकारांनीही इकडे ढुंकून पाहिलेले नाही. वास्तविक पहिल्या प्रसंगी गडावर चढायला दोर लागला आणि दुसऱ्या प्रसंगी गडावरून आलेले घरात घ्यायला तार लागली, एवढाच काय तो फरक. दोर कापल्यावर काय झाले यावर पाठ्यपुस्तकात धडा असतो. तार कापल्यावर काय झाले ते कुणी लिहिलेले नाही, म्हणून मी लिहितो आहे.

मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. दिल्लीकर त्याच्या तेरा वर्षे आधीपासून, म्हणजे १९५९ पासून, थोडाथोडा टीव्ही पाहत होते. पण दिल्लीला सगळेच आधी मिळते, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. सिंहगडाची सोय झाली ती पुण्यासाठी. पुण्याची सोय झाली की महाराष्ट्राची झाली असे धरून चालायची आपल्याकडे जुनी चाल आहे. सुदैवाने लहरींना नगरपालिकेची हद्द कळत नाही. समुद्रसपाटीपासून तेराशे मीटर उंचीवरून सुटलेल्या त्या लहरी पुणेकरांची डोकी ओलांडून दक्षिणेकडेही येत. नकाशावर पट्टी ठेवली तर सिंहगडापासून सातारा ऐंशी किलोमीटर भरते आणि सांगली एकशेनव्वदच्या घरात जाते. सातारा माझे गाव, सांगली आजोळ. त्यामुळे हा इतिहास मला दोन्ही ठिकाणी जवळून पाहायला मिळाला. साताऱ्यात तो डोंगरांनी बिघडवला होता आणि सांगलीत अंतराने.

सांगलीला १९६३ पासून आकाशवाणीचे केंद्र होते. ते साताऱ्यात खणखणीत ऐकू येई. खिडकीच्या गजाला हातभर तार अडकवली की झाले. त्यामुळे ‘हवेतून येणारी वस्तू पकडायला कष्ट पडत नाहीत’ असा आम्हा सातारकरांचा समज होता. पण रेडिओच्या त्या लांब लहरी जमिनीला धरून, वळसे घेत, एखाद्या एस्टीसारख्या गावोगाव थांबत येतात. टीव्हीच्या लहरी तशा नव्हेत. त्या सरळ रेषेत जाणार. मध्ये डोंगर आला की तुम्ही आणि तुमचे नशीब. आणि साताऱ्याभोवती डोंगरांना तोटा नाही. सात डोंगरांवरूनच गावाचे नाव पडले असे सांगतात.

म्हणून छपरावर तो माशाचा काटा उभारावा लागे. आमची पेठ मासे न खाणाऱ्यांची. पण १९८० च्या सुमारास आढ्याआढ्यावर असे काटे दिसू लागले की परक्या माणसाला वाटावे, ही कोळ्यांची वस्ती आहे. हा काटा मूळ जपानचा. सेंदाई गावच्या विद्यापीठात उदा आणि यागी नावाच्या दोन प्राध्यापकांनी १९२६ च्या सुमारास तो शोधून काढला. कष्ट मुख्यतः उदांचे, नाव मुख्यतः यागींचे. विद्यापीठे सगळीकडे सारखीच. गंमत अशी की, त्यांच्या स्वतःच्या देशात त्याची फारशी कदर झाली नाही. १९४२ साली जपान्यांनी सिंगापूर घेतले तेव्हा इंग्रजांच्या रडारच्या टिपणवहीत त्यांना ‘यागी’ हा शब्द जागोजागी सापडला. याचा अर्थ काय, म्हणून त्यांनी पकडलेल्या इंग्रजाला दरडावून विचारले. त्याने सांगितले, “अहो, ते तुमच्याच प्राध्यापकाचे नाव आहे.” पिकते तिथे विकत नाही ही म्हण जपानीतही असावी.

तर असा एक यागी १९७८ साली आमच्या वाड्याच्या माडीवर चढला. तो चढला कसा हे कळायला आधी वाड्याची स्थिती कळली पाहिजे. १९७६ साली माझे वडील, म्हणजे अण्णा, आणि धाकटे काका, म्हणजे आप्पा, यांची वाटणी झाली होती. वाटणी कशी असावी याचा तो नमुना होता. चौकाच्या बरोबर मधून भिंत. घंगाळ आम्हाला, तर त्याच्या वजनाइतकी पातेली त्यांना. देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा आमच्याकडे, बाळकृष्ण त्यांच्याकडे. आडाला मधोमध भिंत घालता येईना म्हणून तो सामाईक राहिला, पण रहाट दोन झाले. ही सगळी मोजणी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्यांनी साखळी टाकून करून दिली. त्यांना पेठेत सगळे मोजणीदार म्हणत. ते या इतिहासात पुन्हा येणार आहेत.

वाटणीनंतर दोघा भावांचे बोलणे बंद झाले. भांडण असे नव्हते. वडिलांच्या श्राद्धाला दोघे एका पंगतीला बसत, फक्त आप्पांना मीठ हवे असले तर ते मला म्हणत, “तुझ्या वडलांना म्हणावं, मीठ सरकवा.” आणि मीठ त्या दोघांच्या मधोमध असे.

आप्पा बँकेत होते. त्यांनी १९७८ साली टीव्ही घेतला. लाकडी कपाटातला, दोन्ही बाजूंनी सरकणारी दारे असलेला. पण वाड्यात सर्वांत उंच जागा म्हणजे माडीचे आढे, आणि ते वाटणीत आमच्याकडे आलेले. आप्पांनी मला दूत म्हणून पाठवले. अण्णांनी निरोप दिला, “लाव म्हणावं खांब. कौलं फुटली तर भरून द्यायची.” अशा रीतीने खांब आमच्या कौलांवर, तार आमच्या छपरावरून, आणि चित्र मात्र त्यांच्या घरात, अशी व्यवस्था चार वर्षे चालली. आम्ही पोरे भिंतीला वळसा घालून तिकडे जात असू. अण्णा आणि आई जात नसत. आईने गुरुवारचे छायागीत चार वर्षे भिंतीतून ऐकले. तिला गाणी सगळी पाठ होती, पण कोण नाचते हे माहीत नव्हते.

१९८२ च्या पाडव्याला अण्णांनीही टीव्ही आणला. त्या काळी पोस्टात वर्षाचे पन्नास रुपये भरून लायसन काढावे लागे. ते काढून, पुस्तकाला कव्हर घालूनच मग पेटी उघडली. अँटेना वेगळा घ्यायचा प्रश्नच नव्हता. अण्णांचे म्हणणे कायद्याला धरून होते : खांब आपल्या छपरावर आहे, तेव्हा त्यावर जे बसते त्यात आपलाही हिस्सा आहे. आप्पांनी निरोप पाठवला, “घ्या म्हणावं तार.” मग छपरावर जिथे ती चपटी, रिबिनीसारखी तार आमच्या हद्दीतून जात होती, तिथे ती सोलून तिला दुसरी तार पिळली, वर डॉक्टरी चिकटपट्टी गुंडाळली आणि दुसरे टोक आमच्या माजघरात आणले.

दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण जिने प्रथम म्हटली तिला अँटेना माहीत नव्हता. पण म्हण अँटेनालाच जास्त लागू पडते. त्या संध्याकाळपासून आमच्याकडे मुंग्या आणि त्यांच्याकडेही मुंग्या. मुंग्या म्हणजे पडद्यावर जे पांढरे-काळे ठिपके वळवळतात ते. त्यातून बातम्या देणारी बाई वारुळातून बोलल्यासारखी बोले. शिवाय प्रत्येकाला दोन-दोन नाके. एक खरे आणि एक त्याच्या उजवीकडे फिकट. काकू म्हणाल्या, “भुतं दिसतात.” विलायतेतही त्याला भूतच म्हणतात, हे मला पुढे कळले.

दोन्ही घरांत निदान एकच झाले : पलीकडचा जास्त ओढतो. नळाला पंप लावून शेजारी पाणी ओढतात, हे पेठेत सर्वांनी पाहिलेले होते. त्यामुळे टीव्हीही चित्र ओढून घेत असला पाहिजे, याबद्दल शंका कुणालाच नव्हती. अण्णा म्हणत, “मी लावला की तो लावतो. मुद्दाम.” भिंतीपलीकडे आप्पाही अक्षर न बदलता हेच म्हणत. कार्यक्रम रोज संध्याकाळी एकाच वेळी सुरू होतो, तेव्हा दोघेही एकाच वेळी टीव्ही लावणार, हे उघड होते. पण उघड गोष्ट भावाभावांत चालत नाही.

भुतांचा उलगडा मोजणीदारांनी केला. त्यांनी आमच्या पडद्याला लाकडी पट्टी लावली. खऱ्या नाकापासून भुताचे नाक पाच सेंटिमीटर. मग पाठीमागच्या कागदावर आकडेमोड सुरू. पडद्याची रुंदी चाळीस सेंटिमीटर. किरणाला एक रेघ डावीकडून उजवीकडे ओढायला बावन्न मायक्रोसेकंद लागतात, हे त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचले होते. म्हणजे पाच सेंटिमीटरला साडेसहा मायक्रोसेकंद. लहर एका मायक्रोसेकंदात तीनशे मीटर जाते. म्हणजे भूत खऱ्यापेक्षा जवळजवळ दोन किलोमीटर जास्त चालून आले. जायचे एक, यायचे एक. मोजणीदार उठले, अंगणात गेले आणि दक्षिणेकडे बोट दाखवून म्हणाले, “अजिंक्यतारा!”

आणि तसेच होते. सिंहगड उत्तरेला. तिकडून आलेली लहर आमचा खांब ओलांडून पुढे जाई, अजिंक्यताऱ्याच्या कड्यावर आपटे आणि पाठीमागून परत येऊन उशिराने पुन्हा पडद्यावर उमटे. याच किल्ल्याला औरंगजेब १६९९ च्या डिसेंबरात वेढा घालून बसला होता. त्याला किल्ला हाती यायला एप्रिल उजाडला, आणि सुरुंग लावले त्यातला एक त्याच्याच माणसांवर उलटला. परत फेकायची सवय त्या कड्याला जुनीच. मोजणीदारांनी खांब थोडा खाली घ्यायला लावला, म्हणजे अँटेनाच्या पाठीला माडीच्या छपराचा आडोसा होईल. नाके दोनाची सव्वा झाली. निवृत्त झाल्यापासून इतका आनंद त्यांना झाला नव्हता. पुढचे पंधरा दिवस ते पेठेतल्या घराघरात जाऊन भुते मोजत होते.

मुंग्या मात्र हलल्या नाहीत. शेवटी मे महिन्यात रेडिओ दुरुस्तीवाल्या मास्तरांना बोलावले. हा गृहस्थ बोलायला कमी आणि बिडी जास्त. त्याचा नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पुढे मी नोकरीच्या निमित्ताने मोठमोठ्या तज्ज्ञांच्या समित्या पाहिल्या. त्या एका वेळी सगळे बदलतात आणि मग काय बिघडले होते ते कुणालाच कळत नाही.

मास्तरांनी जोड सोडवला. आधी एकट्या अण्णांचा टीव्ही थेट अँटेनाला लावला. आम्ही पोरे छपरावर, दारात, भिंतीवर अशी रांगेने. “आलं का?” “आलं!” चित्र स्वच्छ. मग एकट्या आप्पांचा लावला. “आलं का?” “आलं!” तेही स्वच्छ. म्हणजे अँटेना चांगला, खांब चांगला, दोन्ही टीव्ही चांगले. दोन्ही घरांत घोर निराशा पसरली. पलीकडचा निर्दोष आहे हे ऐकायला कुणी मास्तरांना बोलावले नव्हते.

“म्हंजे दुखणं जोडात हाय,” मास्तर म्हणाले.

पुढचा प्रयोग मी जन्मात विसरणार नाही. जोड पुन्हा तसाच पिळला आणि आप्पांच्या टीव्हीच्या मागून तार काढून टाकली. म्हणजे तार लोंबती, टीव्ही बंद. आता तरी सगळे चित्र आमच्याकडे यावे की नाही? तर आमचे चित्र पार गेले. अण्णा विजयाने म्हणाले, “पाहिलंत? बंद असूनसुद्धा ओढतो!”

मास्तर भिंतीला वळसा घालून तिकडे गेले आणि लोंबत्या टोकाची दीड वीत तार पकडीने कापली. “आलं का?” आलं! स्वच्छ. आणखी दीड वीत कापली. गेलं! आणखी दीड वीत. आलं! काकू देवाजवळ दिवा लावून आल्या. मास्तरांनी बिडी विझवून खुलासा केला तो मी माझ्या शब्दांत देतो. सिंहगडाचे चॅनेल पाच नंबरचे, त्याची लहर सुमारे पावणेदोन मीटर लांब. तारेतून जाताना ती आखडून एक मीटर पस्तीसच्या आसपास होते. लोंबत्या तारेत शिरलेली लहर टोकाला पोचते, तिथे तिला घ्यायला कुणी नसते, म्हणून ती परत फिरते. जोडापाशी येते तेव्हा नव्या लहरीच्या चढाशी हिचा उतार पडला तर दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. तारेची लांबी लहरीच्या चौथ्या हिश्श्याने, म्हणजे दीड वितीने, बदलली की वैर आणि मैत्री यांची अदलाबदल होते. कुणी काही ओढत नव्हते. उलट पलीकडे गेलेले परत येऊन भांडत होते.

“मग दोघांचे टीव्ही लावल्यावर?” मोजणीदारांनी विचारले.

त्यावर मास्तरांनी पाटाचा दाखला दिला. अँटेना, तार आणि टीव्ही हे तिन्ही तीनशे ओहमचे, म्हणजे एका मापाचे. एका मापाचे पाट एकापुढे एक असले की पाणी सुरळीत वाहते. पण मध्येच तेवढ्याच मापाचे दोन पाट फोडले तर फाट्यावर पाणी उसळते, मागे फिरते, गढूळ होते. शिवाय ती चपटी तार आम्ही पन्हळीच्या पत्र्याला बांधून आणली होती. पत्र्याला चिकटली की ती गळते आणि वळिवात भिजली की आणखी गळते. अँटेनाच्या स्क्रूवर हिरवा गंज चढला होता, तो वेगळाच.

उपाय म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी. तिच्या आत दोन भोकांचा, डुकराच्या नाकासारखा काळा दगड, आणि त्यात बारीक तारेचे वेढे. ती डबी आलेल्या लहरीचे बरोबर दोन हिस्से करते आणि एका टीव्हीची परतलेली लहर दुसऱ्याच्या दारात सहसा जाऊ देत नाही. आत थोडीफार घट धरली तरी दोघांना सारखेच. अण्णांनी तीनतीनदा विचारले, “निम्मं? नक्की निम्मं?” वाड्याच्या वाटणीत निम्मे मिळाले यावर दोघांपैकी एकाचाही विश्वास नव्हता. दोघांची खात्री पटेल अशी आमच्या घराण्यातली ती पहिली वाटणी.

पण ऐंशी किलोमीटर चालून, डोंगर चुकवत आलेल्याचे निम्मे म्हणजे किती? भुते गेली, चित्र स्थिर झाले, मुंग्या मात्र जवळजवळ तेवढ्याच राहिल्या. वाटणी न्यायाची झाली तरी मुळात इस्टेटच थोडी असेल तर काय होते, हे आम्हाला अनुभवाने माहीत होते. तेव्हा बूस्टर आला. तो टीव्हीजवळ ठेवून उपयोग नाही, कारण तिथवर तारेत मुंग्या भरलेल्या असतात आणि बूस्टर त्यांनाही धष्टपुष्ट करतो. तो वर, खांबालाच, अँटेनाच्या तोंडाशी बसवायचा आणि वीज त्याला खालून तारेतूनच द्यायची. चपटी तार जाऊन गोल, काळी केबल आली. ती आधी आप्पांच्या घरात उतरे. तिथे विजेची डबी, तिच्यापुढे वाटणीची डबी, आणि तिथून आमचा हिस्सा भिंतीला गिरमिटाने भोक पाडून आमच्या माजघरात. सहा वर्षांत त्या भिंतीला पडलेले ते पहिले भोक.

याचा एक परिणाम कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. बूस्टरला वीज मिळाली नाही तर तो वाट अडवून बसतो. आणि आप्पा काटकसरी. रात्री आठाला जेवायला उठताना ते भिंतीवरची सगळी बटणे बंद करून उठत. एका शनिवारी मराठी सिनेमा ऐन रंगात आलेला, नायिका विहिरीकडे निघालेली, आणि आमच्याकडे एकदम मुंग्या. मी घरात नव्हतो. दूत नाही. अण्णा दोन मिनिटे थांबले आणि मग भिंतीच्या भोकाला तोंड लावून ओरडले, “आप्पा, बटण!”

पलीकडे शांतता. मग खट्ट. मग भोकातून आवाज, “आलं का, अण्णा?”

“आलं.”

आईने हे मला सांगितले तेव्हा तिचे डोळे ओले होते. त्या नायिकेचे पुढे काय झाले तेही तिला ठाऊक नव्हते. याहून जास्त काही दोघे बोलू लागले, असे मात्र समजू नका. पुढची कितीतरी वर्षे त्यांचे बोलणे अँटेना या एकाच विषयावर चाले. “वारं सुटलंय, ताण बघायला हवा.” “कावळा बसलाय वाटतं.” “दांडी पुण्याकडून ढळलीय जरा.” दोघे माडीवर उभे राहून तासतास उत्तरेकडे बघत.

विजेच्या पैशाचा प्रश्न अण्णांनीच काढला. मोजणीदारांनी हिशोब केला : तीन वॅट, चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला दोन युनिटे आणि थोडी वर. कितीही ओढूनताणून धरले तरी आमचा वाटा रुपया भरेना. अण्णांनी उपकार नकोत म्हणून महिना दोन रुपये ठरवले. आप्पांनी ते घेतले नाहीत. “लहरींचं भाडं मी घेऊ? आणि खांब कुणाच्या छपरावर आहे?” मग अण्णांनी जून १९८२ पासून आपल्या रोजकीर्दीत ‘चि. आप्पास देणे, बूस्टर वीज, रु. २’ असे दरमहा लिहायला सुरुवात केली.

आता सांगलीकडे वळतो, कारण तिथे हाच प्रश्न अगदी वेगळ्या रीतीने सुटला होता. मामांचे घर वखारभागात, धंदा हळदीचा. सांगलीला डोंगरांची कटकट नाही. कृष्णाकाठचा सपाट मुलूख. पण एकशेनव्वद किलोमीटरवर पृथ्वीची पाठच मध्ये येते. गल्लीतल्या चार घरांनी गणपतीसारखी वर्गणी काढून पाइपावर पाइप जोडत साठ फुटांचा खांब उभा केला. त्याच्या ताणाच्या तारा इतक्या घट्ट ओढल्या होत्या की, मिरजेचा कुणी तंतुवाद्यवाला आला असता तर त्याने सूर जुळवून दिला असता. एवढे करून चित्र रोज येत नसे. उन्हाळा तोंडावर आला, नदीकाठची हवा गार आणि वरची गरम अशी उलटी झाली की लहरी त्या दोन थरांत सापडून, वाकून, लांबवर येतात. अशा रात्री सांगलीला सिंहगड दिसे. मामा दुपारीच तोंडावर वाऱ्याची झुळूक घेऊन सांगत, “आज येणार.” मग अंगणात पंचवीस-तीस माणसे जमत आणि दोन तास मुंग्या बघत. सांगलीकर कंटाळत नसत. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते याच गावात. देव प्रकट व्हायच्या आधी बराच वेळ खटाटोप चालतो, हे त्या मातीला माहीत आहे. मध्येच चार मिनिटे बातम्या स्वच्छ आल्या की टाळ्या पडत. बातमी काय होती याला महत्त्व नसे.

अशा चित्राचे हिस्से होणे शक्य नव्हते. डबी लावली असती तर चारी घरांना समसमान शून्य मिळाले असते. तेव्हा मामांनी पाटबंधाऱ्याचा कायदा लावला : पाळीपत्रक. सोमवारी तार एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्याची पाळी त्याच्याकडे सगळी गल्ली. शनिवार-रविवार सिनेमाचे म्हणून टीव्ही अंगणात. एकाच्या पाळीला सलग तीन आठवडे चित्र आले नाही तेव्हा त्याने भरपाई मागितली. मामांनी त्याला हवेकडे अर्ज करायला सांगितले.

पुढे वाचनात आले की, अमेरिकेत ॲस्टोरिया नावाच्या गावी हेच घडले होते. तिथल्या एड पार्सन्स या रेडिओवाल्याच्या बायकोला टीव्ही हवा होता. जवळचे केंद्र सिॲटलला, दोनशे किलोमीटरवर. म्हणजे आमच्या सांगली-सिंहगडाइतकेच. १९४८ च्या नोव्हेंबरात त्याने समोरच्या हॉटेलच्या गच्चीवर अँटेना लावून चित्र घरात आणले. झाले! सगळे गाव त्याच्या घरात. वेळी-अवेळी माणसे येईनात का, पण उठेनात. शेवटी पाहुण्यांच्या जाचाला कंटाळून त्याने हॉटेलला आणि मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना तारा ओढून दिल्या. आज जिला केबल म्हणतात तिचे मूळ शोधणारे या गोष्टीपाशी येऊन थांबतात. पाहुण्यांनी आपापल्या घरी जावे, या पवित्र इच्छेतून एवढा मोठा धंदा जन्मला. आमच्या मामांना मात्र ही कल्पना सुचली नाही. अंगणात माणसे आली नाहीत तर त्यांना जेवण जात नसे.

१९८४ साली सगळेच बदलले. आदल्या वर्षीच्या ऑगस्टात इन्सॅट-१बी आकाशात गेला होता. त्याच्याकडून कार्यक्रम घेऊन गावात वाटणारे शंभर वॅटचे छोटे प्रक्षेपक सरकारने देशभर धडाक्याने बसवले. एका टप्प्यावर तर सरासरी दिवसाला एक. आमच्या दोन्ही गावांनाही हे भाग्य आले. साताऱ्यात मनोरा चढला तो नेमका अजिंक्यताऱ्यावर. इतकी वर्षे लहरी परत फेकणारा किल्ला आता स्वतःच फेकू लागला. चित्र असे की मुंगी औषधाला नाही. यागी नको, बूस्टर नको. कपड्याचा हँगर टीव्हीमागे खोचला तरी पुरे.

फक्त त्यात मुंबई नव्हती. उपग्रहावरून यायची ती दिल्ली. ‘हम लोग’ आले, इंग्रजी बातम्या आल्या, ‘रुकावट के लिए खेद है’ हे शुद्ध हिंदीत आले. शनिवारचा मराठी सिनेमा, ‘गजरा’, ‘आमची माती, आमची माणसं’ हे सगळे अजून सिंहगडावरूनच, त्याच मुंग्यांतून येत होते. म्हणजे दिल्ली ज्याच्या त्याच्या घरात स्वतंत्र आणि मुंबई मात्र एकत्र कुटुंबात, अशी स्थिती झाली.

आप्पांनी त्या दिवाळीत रंगीत टीव्ही घेतला आणि एकदा भोकातून म्हणाले, “अण्णा, आता ती वरची झेंगटं काढून टाकू या का? रंगीत काय, खालच्यावरच छान दिसतं.”

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. त्यांची शेवटची जमीन कूळकायद्यात गेली होती. तरी ‘आमची माती’ ते एक दिवस चुकवत नसत. उसावरचा खोडकिडा कसा मारावा, हे त्यांच्याइतके जिल्ह्यात कुणाला ठाऊक नव्हते. शेवटी ते एवढेच म्हणाले, “खांब माझ्या छपरावर आहे. राहू दे.”

बूस्टरचे बटण आप्पांच्या घरात होते. ते त्यांनी त्यानंतर कधी बंद केले नाही, जेवायला उठतानासुद्धा. १९८७ च्या जानेवारीपासून रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा सगळी पेठ दिल्लीकडे तोंड करून बसे. पण शनिवारी संध्याकाळी आमच्या वाड्यात आई इकडे आणि काकू तिकडे मुंग्यांतून नायिका शोधत आणि सापडली की भिंतीतून एकमेकींना सांगत. सांगलीच्या खांबाला एवढे आयुष्य मिळाले नाही. गल्लीने त्यावर गणपतीचा कर्णा चढवला. मामांच्या अंगणात नंतर फक्त मामा बसत.

पुढचा इतिहास सर्वांच्या डोळ्यांदेखत झाला. नव्वदच्या दशकात केबल आली, छत्र्या आल्या, आणि दूरदर्शनचे जुने ॲनालॉग प्रक्षेपक, मोक्याची काही ठिकाणे वगळून, ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरले. पेठेतले काटे त्याच्या कितीतरी आधी भंगारवाल्याने किलोवर नेले होते.

इतिहास लिहायचा तर अस्सल साधन लागते. माझे साधन म्हणजे अण्णांची रोजकीर्द. अण्णा-आप्पा दोघेही आता नाहीत. मध्यंतरी ट्रंक आवरताना ती वही निघाली. मे १९८८ च्या पानावर नोंद आहे : ‘काल वळवाच्या वाऱ्याने खांब पडला. आप्पा व मी दोघांनी उतरवून घेतला. कौले फुटली ११. चि. आप्पास देणे एकूण महिने ७२, रु. १४४. त्यातून कौलांचे वजा करून हिशेब पुरा करणे.’ पुढचे पान कोरे आहे.

वही घेऊन मी भिंतीला वळसा घातला आणि चुलतभावाला दाखवली. तोही बँकेतून निवृत्त झालेला. त्याने चष्मा लावून दोनदा वाचले आणि म्हणाला, “अकरा कौलांचा तेव्हाचा भाव मी काढतो. पण तू १४४ वर चक्रवाढ धरून ये.”